कांद्यांवरचा तह

दुबईत अल क्वोजच्या आमच्या लेबर कॅम्पात दोन माणसांचा आवाज चढला, की पाठोपाठ चपलांचा आवाज यायचा. एक चप्पल निळी, एक काळी. दोन जोड्यांतली एकेक तुटली होती आणि उरलेल्या दोघींचा चीफनी संसार लावून दिला होता. कमरेला लुंगी, डोक्यावर जाळीची टोपी, हातात सुलेमानीचा, म्हणजे कोऱ्या चहाचा, अर्धा कप, आणि चेहऱ्यावर लग्नाच्या जेवणाला निघाल्यासारखा आनंद. "काय झाला? काय झाला? पहिल्यापासून सांगा मला," असं म्हणत ते भांडणाऱ्या दोघांच्या मधोमध येऊन चक्क जमिनीवर बसायचे. पायाशी म्हातारा माणूस मांडी घालून बसलेला असताना त्याच्या डोक्यावरून एकमेकांना शिव्या घालणं फार अवघड असतं. थोड्या वेळानं ते दोघंही खाली बसत.

चीफ रत्नागिरी जिल्ह्यातले, राजापूरच्या खाडीकाठच्या एका गावचे. शटरिंग कारपेंटरांचे फोरमन. तीस वर्षांहून जास्त काळ गल्फमध्ये काढलेला माणूस. दुबईतल्या निम्म्या इमारतींना आपण कपडे शिवले आहेत, असं ते सांगत. काँक्रीट ओतायच्या आधी जो लाकडी साचा बांधतात त्याला ते कपडे म्हणत. मी सातारकडचा, त्याच कंपनीत स्टोअरकीपर. माझा राग तेव्हा कायम नाकावर असायचा. खिळ्यांचा डबा सही न करता कुणी नेला, तरी मी त्याच्या घराण्यापर्यंत पोचायचो. चीफ मला नावानं कधी हाक मारत नसत. "सातारकर" म्हणत, आणि रागात असलो की "सातारकर साहेब" म्हणत.

भांडण मिटवण्याचं त्यांना व्यसनच होतं. आठवडाभर ब्लॉकमध्ये शांतता असली की ते बेचैन होत, बाहेर शिकारीला निघत. एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर शारजात रोल्लाच्या बाजारात गेलो होतो. एका दुकानात एक नवरा-बायको पडद्याच्या कापडावरून वाद घालत होते. साठ दिरहमचं कापड. "साठ दिरहम म्हणजे तेराशे-चौदाशे रुपये, एका खिडकीला!" असं नवरा म्हणत होता. चीफ मध्ये शिरले. बेटीचं ऐका, भाईजान. भाईजानचंही ऐक, बेटी. आणि मग खिडकी केवढी, ऊन कुठून येतं, घरात कोण कोण, सगळी चौकशी सुरू झाली. पाच मिनिटांत ते नवरा-बायको एक झाले आणि दोघं मिळून चीफवर तुटून पडले. आपण तुम्हाला ओळखतो का, असं बायकोनं विचारलं आणि नवऱ्यानं सिक्युरिटीला हाक मारली. बाहेर आल्यावर मी हसून हसून खाली बसलो. चीफ मात्र खुशीत होते. "दोघं एक झाले ना? मग? आपला काम झाला. यल्ला, चहा पिऊ."

कॅम्पातल्या भांडणांसाठी त्यांच्याकडे एकच औषध होतं. आमच्या मेसचा रविवारचा स्वयंपाक एकत्र व्हायचा आणि त्याला दहा किलोची कांद्याची गोणी लागायची. आठवड्यात ज्या दोघांचं वाजलं असेल, त्यांनी रविवारी सकाळी समोरासमोर बसून ती गोणी सोलायची. मध्ये एकच परात, दोन सुऱ्या. "रडायचाच हाय, तर एकमेकांच्या समोर बसून रडा," असं ते म्हणत. पहिली दोन किलो कुणी बोलत नसे. तिसऱ्या किलोला एक जण डोळे पुसायला फडकं मागायचा आणि फडकं एकच ठेवलेलं असायचं. पाचव्या किलोपर्यंत गावची, आईच्या गुडघ्यांची, न मिळालेल्या रजेची गोष्ट निघायची. मी तीन वर्षांत अकरा गोण्या सोलल्या. तो ब्लॉकचा विक्रम होता आणि चीफ नव्या माणसाशी माझी ओळख त्याच विक्रमानं करून देत.

एक नियम मात्र कडक. भांडण कॅम्प बॉसच्या ऑफिसात न्यायचं नाही. "हितं मिटला तर माणूस ऱ्हातो. तिथं गेला तर कागद होतो," असं ते सांगायचे.

चीफ हे नाव त्यांना आम्हीच दिलं, तोंडावर मात्र चाचा म्हणायचो. तरुणपणी ते अबुधाबीच्या समुद्रात एका बार्जवर सुतारकामाला होते. तिथे क्रेन चालवणारा एक अमेरिकन होता, पण गोरा नव्हे. गोऱ्यांच्या कितीतरी आधीपासून त्या देशात राहणाऱ्या शायेन जमातीचा. "त्याला माझी इंग्लिश एकदम बरोबर समजायची," असं चीफ अभिमानानं सांगत, जणू त्यात त्या क्रेनवाल्याचं काही कर्तृत्व नव्हतं. त्यानं यांना आपल्या जमातीच्या एका जुन्या चीफची गोष्ट सांगितली, आणि ती यांच्या डोक्यात कायमची बसली. दर दोन महिन्यांनी ती आम्हाला ऐकावी लागे. दर वेळी तिच्यात थोडं कोकण जास्त मिसळलेलं असे. अमेरिकेतल्या माळाचा राजापूरचा कातळसडा झाला होता, बायसनचे गवे झाले होते, आणि त्या चीफच्या बायकोनं केलेल्या मटणाला नारळाचा वास येऊ लागला होता.

"त्यांच्यात चव्वेचाळीस चीफ," ते बोटं नाचवत सांगत. "चव्वेचाळीस! पण चीफ म्हणजे मुदीर नाय, हुकूम सोडणारा साहेब नाय. चीफ झाला की आलेल्याला जेवू घालायचा, आणि रागवायचा नाय. स्वतःच्या पोराला कुणी मारला तरी दारात बसून चिलीम ओढायची, बदला घ्यायचा नाय. असा कायदा." मग तो चीफ. गोऱ्यांच्या फौजेशी लढून आपली माणसं मरतात, म्हणून तो सतत तह करत राहिला. हा आमच्या देशाचा झेंडा तुझ्या तंबूवर लाव, तुला कुणी हात लावणार नाही, असं साहेबांनी त्याला सांगितलं. त्यानं लावला. खाली एक पांढराही लावला. एका सकाळी फौज आली, वर झेंडा फडकत असताना. इथे चीफ थांबत, कप उचलत. "मग?" आम्ही विचारायचो. "मग काय? गोळ्या," एवढंच म्हणून ते उठायचे. आम्हीही फार खोदत नव्हतो, कारण बहुतेक वेळा तोपर्यंत जेवण तयार झालेलं असे. त्यांना चीफ म्हणायला लागलो ते चेष्टेनं. त्यांनी ते नाव इतक्या गंभीरपणे घेतलं, की आम्हालाच पुढे लाजायला झालं.

साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी आपल्या धाकट्या मुलाला, अस्लमला आणलं. त्या व्हिसासाठी दीड-दोन वर्षं ते हेड ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होते. "पोरगा लागला की मी खलास," हे त्यांचं पालुपद. गावात खाडीकडे तोंड करून एक खुर्ची टाकायची आणि मरेपर्यंत मासे विकणाऱ्यांची भांडणं मिटवायची, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती. अस्लम तेवीस वर्षांचा, अबोल, नीटनेटका. बापासारखा भांडणात पडायचा नाही. त्याला वस्तू जागच्या जागी लागत. आणि त्यातच घात झाला.

आमच्या किचनमध्ये सहा शेगड्या आणि साठ माणसं. ड्युटीवरून आल्यावर शेगडीसाठी रांग लागे, पण उभं कोण राहणार? म्हणून आपलं पातेलं रांगेत ठेवायचं आणि झाकण त्याच्यावर उलटं घालायचं. उलटं झाकण म्हणजे नंबर चालू. सरळ झाकण म्हणजे या माणसाचं झालं, पुढच्यानं घ्यावं. हे कुणी कुणाला शिकवत नसे, आलेला माणूस चार दिवसांत बघून शिके. अस्लमला येऊन तीनच दिवस झाले होते. त्यानं माझ्या पातेल्याचं उलटं पडलेलं झाकण बघितलं आणि घरी आईनं लावलेल्या सवयीनं ते नीट, सरळ करून ठेवलं.

मी अंघोळ करून आलो तर माझा नंबर गेलेला. भिजवलेले तांदूळ तसेच, आणि शेगडीवर दुसऱ्याचं कालवण. त्या दिवशी स्टोअरमध्ये साहेबानं मला सगळ्यांसमोर झापलं होतं. ती सगळी आग मी त्या पोरावर काढली. धक्का मी आधी मारला, हे आज लिहून ठेवतो. त्यानं मला मागे ढकललं, माझा हात गरम तव्यावर पडला आणि पंजा भाजला. चीफ त्या वेळी साइटवर होते. चपलांचा आवाज आला नाही. मी तसाच ओला, टॉवेल गुंडाळलेल्या हातानं कॅम्प बॉसच्या ऑफिसात गेलो आणि तक्रार लिहून दिली. एरवी मला इंग्रजीत चार ओळींचं रजेचं पत्र जमत नसे. त्या दिवशी पानभर जमलं.

दुसऱ्या दिवशी माझा राग उतरला. अस्लम घाबरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, देराला, एका नातेवाइकाच्या खोलीवर जाऊन बसला होता. चीफ ऑफिसात गेले, मी पाठोपाठ. कॅम्प बॉसनं त्यांना चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला. पोराला घेऊन या, दोघांनी एका कागदावर सही करायची, वॉर्निंग द्यायची, विषय बंद. माझा शब्द आहे, असं म्हणून त्यानं हातात हात दिला. चीफनी देराला फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. पलीकडून अस्लम काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण चीफ म्हणाले, "अरे, त्यानं जबान दिली हाय. आपण दार लावून बसलो तर तो काय समजेल? तू ये."

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कागदावर वर अरबी, खाली बारीक इंग्रजी. मी सही केली, त्यानं केली, आणि साक्षीदार म्हणून चीफनी आपली लांबलचक सही केली. सहीखाली दोन टिंबं द्यायची त्यांची सवय होती, तीही दिली.

चौथ्या दिवशी अस्लमचा व्हिसा कॅन्सल झाल्याचं कळलं. त्या कागदात त्यानं मारहाण कबूल केली होती. मी धावत ऑफिसात गेलो, तक्रार मागे घेतो म्हणालो, धक्का मी आधी मारला म्हणालो. क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "फाइल क्लोज है, भाई." कॅम्प बॉस मीटिंगला गेले होते. पुढचा आठवडाभर ते मीटिंगलाच होते. अस्लमला विमानात बसवून चीफ परत आले, आंघोळ केली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना मी चहाशिवाय बसलेलं पाहिलं.

ब्लॉक पेटला. उद्या बसमध्ये कुणी चढायचं नाही, असं ठरलं. ड्युटीवर न जाणं म्हणजे इथे व्हिसा जाणं, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी ठरलं. पहाटे पाच वाजता बस उभी, दार उघडं, आणि साठ माणसं भिंतीला टेकून. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि ज्यांनी बघितलं त्यांची नजर मी विसरलेलो नाही. तेवढ्यात त्या दोन रंगांच्या चपला वाजत आल्या. ड्युटीवर असताना ते बूट घालत, पण त्या दिवशी बूट हातात होते. "एक पोरगा गेला," ते म्हणाले. "माझा गेला. आता साठ पोरं मी घालवू? माझ्या नावानं?" कुणी तरी ओरडलं, "चाचा, त्यांनी तुम्हाला फसवलं!" चीफ म्हणाले, "हां, फसवला. मला म्हाईत हाय. बस में बैठो." आणि स्वतः आधी चढून पुढच्या सीटवर बसले. पाच मिनिटं कुणी हललं नाही. मग एकेक जण चढला. मी सगळ्यांत शेवटी.

रविवारी सकाळी मी खोलीतून बाहेर पडायचं नाही असं ठरवलं होतं. दारावर थाप पडली. चीफ परात घेऊन उभे. "सातारकर साहेब, गोणी आलीय." मला वाटलं, कुणा दुसऱ्याबरोबर बसवतायत. किचनच्या ओट्याखाली गोणी होती आणि तिच्या पलीकडे ते स्वतः बसले. मी म्हणालो, "चाचा, मला मारा, पण हे नको." ते म्हणाले, "मारून काय व्हतंय? बस."

पहिली दोन किलो आम्ही बोललो नाही. मग मी नाक पुसत विचारलं, "चाचा, त्या चीफचं पुढे काय झालं?" खरं म्हणजे मला काहीतरी बोलायचं होतं आणि माफी मागायला तोंड उघडत नव्हतं. त्यांनी सांगितलं. या वेळी गोष्टीत नारळ नव्हता, गवे नव्हते. त्या सकाळी त्याची कितीतरी माणसं मेली, बायकापोरंच जास्त. त्याच्या बायकोला अंगभर गोळ्या लागल्या, तरी ती जगली. जमातीतली जवान पोरं लढायला निघून गेली, त्याला भेकड म्हणाली. उरलेल्यांना घेऊन तो बर्फातून चालत दूर गेला, आणि पुन्हा साहेबांकडे गेला. पुन्हा तह केला. आणि चार वर्षांनी फौज पुन्हा आली, बर्फातली सकाळ होती, तो आणि त्याची बायको दोघंही नदीकाठी मेली.

मला राग आला. माझा तो नेहमीचा राग, त्या परिस्थितीतही आला. "मग काय उपयोग झाला, चाचा? दोनदा फसला. वेडाच म्हणायचा!"

चीफनी हातातला कांदा सोलून पुरा केला. "सगळे असंच म्हणतात. मी पण त्या क्रेनवाल्याला हेच बोललो. तो हसला. बोलला, माझ्या आजीची आजी त्या माणसाच्या पाठोपाठ चालत वाचली." मग त्यांनी माझ्याकडे फडकं टाकलं. "तो हरला, मान्य हाय. पण त्या चालीत कोणतरी वाचला, म्हणून तो क्रेनवाला झाला ना? त्यानं मला बार्जवर चहा पाजला ना? उपयोग म्हणजे आणखी काय हवा तुला?"

मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही, पण बराच वेळ मागत होतो. ते "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत राहिले आणि सोलत राहिले. मला माफ केलं असं त्यांनी तोंडानं म्हटलं नाही. त्या दिवशी कांदा जाड कापला म्हणून मात्र मला चार शब्द सुनावले.

खाडीकाठची खुर्ची पुढे ढकलली गेली. मुलाची नोकरी गेली म्हणून ते आणखी दोन वर्षं उन्हात उभे राहिले, त्या वयात, माझ्यामुळे. मी त्यांच्या डब्यात माझ्यातला मासळीचा तुकडा टाकायचो, त्यांच्या बुटांना नवे सोल लावून आणायचो. ते सगळं घ्यायचे आणि ब्लॉकभर सांगायचे, की सातारकर आता बायकोसारखा काळजी घेतो. मला चिडवणं हे त्यांनी मुद्दाम सुरू ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. ज्याला चीफ चिडवतात, त्याच्याशी ब्लॉक किती दिवस अबोला धरणार?

मग त्यांचा निघायचा दिवस आला. शारजा विमानतळावर मी सोडायला गेलो. बॅगा दिल्यावर त्यांनी फोन काढला, घरी व्हिडिओ लावला, आणि काही कळायच्या आत फोन माझ्या हातात. स्क्रीनवर अस्लम. दाढी राखलेली, चेहरा भरलेला. मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात लागला होता. मी काही तरी पुटपुटलो. तो शांतपणे म्हणाला, "अब्बांनी तुम्हाला माफ केला असेल, भाई. मी नाय केलेला अजून."

मी फोन परत दिला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. चीफ मात्र फुलले होते. माझा दंड धरून हलवत म्हणाले, "अजून म्हणाला! ऐकलास ना? अजून म्हणाला!" आणि इमिग्रेशनच्या रांगेत शिरल्यावरसुद्धा, मागच्या अनोळखी माणसाला काहीतरी सांगत, ते माझ्याकडे बोट दाखवून हसत होते. माझी त्यांची ती शेवटची भेट.

दर ईदला मी फोन करायचो. ते खाडीवरच्या तंट्यांचा अहवाल द्यायचे, मग जबरदस्तीनं अस्लमच्या हातात फोन द्यायचे. तो सलाम करायचा, हवापाणी विचारायचा, ठेवायचा. अशा पाच ईद गेल्या.

गेल्या महिन्यात दुपारी स्टोअरमध्ये डबा उघडला आणि फोन वाजला. अस्लमचा नंबर. त्यानं आपणहून केलेला पहिलाच फोन. मी इतका बावळट, की मला आधी आनंद झाला.

"भाई, अब्बा गेले. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या."

मी काय म्हणालो आठवत नाही. तो रडत होता हे मला ऐकू येत होतं आणि मी रडत होतो हे त्याला येत असणार. मग त्याला कुणी तरी हाक मारली. तो म्हणाला, "मला जायला हवा. तुम्ही आज काय पोचणार नाय, भाई. पण चाळीसाव्या दिवसाच्या फातिहाला या. लॉज बघू नका. आमच्या घरीच उतरा."

मी हो म्हणालो.